आधी महोत्सव, मग यूट्यूब
‘फिल्म झाली की थेट यूट्यूबवर टाका, महोत्सवांच्या प्रवेश शुल्कात पैसे घालवू नका’ असा सल्ला लघुपट करणाऱ्यांना कुणीतरी दिलाय. शुल्काचं पटतं, घाईचं नाही. बऱ्याच महोत्सवांना आधी ऑनलाइन दाखवलेली फिल्म चालत नाही. ऑस्करच्या लघुपट विभागात तर, श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची मर्यादा आहेच, शिवाय पात्र ठरण्याआधी फिल्म इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली की ती बाद.

माझी पहिली फिल्म मी उत्साहाच्या भरात अपलोड केली आणि दोन महिन्यांनी एका महोत्सवाने याच कारणावरून नाकारली. फार लागलं, कारण गावातल्या लोकांनी तिच्यासाठी फुकट राबून कामं केली होती. आता निवड समितीला विमिओ या व्हिडिओ साइटची पासवर्ड घातलेली लिंक पाठवते, ती चालते. महोत्सवांची फेरी संपली की मगच सगळ्यांसाठी खुली करते.