मदत हवी आहे: तेरीज जुळते, ताळेबंदही जुळतो, तरी उत्तर चुकते

नमस्कार. मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षात शिकत असून यापूर्वी लेखाकर्माचा अभ्यास कधीही केलेला नाही. व्यक्तिगत, वास्तविक आणि नामधारी खात्यांचे तिन्ही नियम मला पाठ आहेत, रोजकीर्दीतल्या साध्या नोंदी चुकत नाहीत आणि खतावणीही व्यवस्थित होते. मात्र अंतिम खाती करताना समायोजने, म्हणजे वर्षअखेरीस कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीच्या नोंदी, आली, की मी अडखळतो. नियम लागू करता येतो, पण त्यामागचे कारण कळत नाही, असे माझे झाले आहे.

मागच्या चाचणीतले उदाहरण सांगतो. आर्थिक वर्ष संपण्यास तीन महिने असताना व्यवसायाने एका वर्षाच्या विम्याचा १२,००० इतका हप्ता भरला होता. पैसे दिले म्हणजे खर्च झाला, असे मानून मी सगळी रक्कम नफा-तोटा खात्यात टाकली आणि नफा ४१,००० काढला. बरोबर उत्तर ५०,००० होते. उत्तरपत्रिकेच्या समासात शिक्षकांनी लाल शाईने एवढेच लिहिले होते: "हप्ता वर्षाचा, वापर तीन महिन्यांचा." हे वाचून उरलेले ९,००० 'पूर्वदत्त विमा' म्हणून मालमत्तेत दाखवायचे, हे मला समजले, परंतु जे पैसे हातातून गेले आणि ज्यांच्या बदल्यात विकता येईल अशी कोणतीही वस्तू आपल्याकडे नाही, त्यांना मालमत्ता कसे म्हणावे, हे अजूनही पटत नाही.

यापेक्षाही अस्वस्थ करणारी बाब अशी, की माझी तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) जुळली होती आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीजही सारखी आली होती. सगळे जुळते आहे म्हणून मी उत्तर पुन्हा तपासलेच नाही. मग या जुळण्याला नेमका अर्थ काय? शिवाय बँकेत रोख भरल्यावर आपल्या वहीत बँक खाते नावे होते, तर पासबुकात तीच रक्कम जमा बाजूला दिसते. हा उलटेपणाही मी केवळ पाठ केला आहे. हे प्रश्न वेगवेगळे आहेत, की एकाच गोष्टीची समज कमी पडते आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपले बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'नावे' हा शब्दच नीट ऐकावा. एखाद्याच्या नावे रक्कम लिहिली, याचा मूळ अर्थ तो आपल्याला तेवढे देणे लागतो. आपण बँकेत रोख भरली, म्हणजे बँक आपली ऋणको झाली; म्हणून आपल्या वहीत बँक नावे. तोच व्यवहार बँकेच्या वहीत लिहिताना मात्र आपण तिचे धनको असतो, म्हणून तिथे आपले खाते जमा. पासबुक ही आपली वही नसून बँकेच्या वहीतली आपल्या खात्याची प्रत आहे. उलटेपणा इथे कुठेच नाही. एकच व्यवहार दोन टोकांकडून पाहिलेला आहे.

आता विम्याचा हप्ता समोरच्याच्या वहीत लिहून पाहावा. विमा कंपनीला १२,००० मिळाले, पण वर्षअखेरीस तिने फक्त तीन महिन्यांची सेवा दिलेली आहे. उरलेले ९,००० तिने अजून कमावलेले नाहीत. नऊ महिन्यांचे संरक्षण देणे ही तिच्यावरची देयता आहे. तिच्याकडे ती देयता असेल, तर आपल्याकडे तेवढाच हक्क असणार, आणि हा हक्क म्हणजेच आपली मालमत्ता. विकता येणारी वस्तू ही मालमत्तेची कसोटी नव्हे. पूर्वी घडलेल्या व्यवहारामुळे व्यवसायाच्या ताब्यात आलेला आणि पुढे लाभ देणारा स्रोत, ही ती कसोटी आहे. समायोजनाच्या नोंदीत पूर्वदत्त विमा खाते ९,००० ने नावे आणि विमा खर्च खाते तेवढ्याच रकमेने जमा होते. खर्चात ३,००० उरतात. खर्च पैसे दिल्याच्या दिवशी नव्हे, तर लाभ वापरला गेला त्या काळात धरायचा, ही उपार्जन संकल्पना. आणि ज्या काळाचे उत्पन्न, त्याच काळाचा खर्च त्याच्यासमोर मांडायचा, ही जुळणी संकल्पना.

तेरीज का जुळली, तेही यातूनच कळेल. तेरीज फक्त नावे आणि जमा रकमांची बेरीज सारखी आहे का, एवढेच सांगते. रक्कम योग्य खात्यात आहे की नाही, हे तिला कळत नाही. आपण मालमत्ता ९,००० ने कमी दाखवली, नफाही ९,००० ने कमी काढला आणि त्यामुळे भांडवलही तितकेच घटले, म्हणून ताळेबंद दोन्ही बाजूंनी सारखाच आखडला आणि जुळून बसला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापून प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिची ही ताकद आणि ही मर्यादा दोन्ही तशाच आहेत. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरीही तेरीज जुळेल, हेही लक्षात असू द्यावे.

घसाऱ्याला, म्हणजे वापरामुळे मालमत्तेच्या मूल्यात होणाऱ्या घटीला, मात्र समोरच्याची वही पाहण्याची ही युक्ती लागू होत नाही, कारण तिथे समोरचा पक्षच नसतो. यंत्राची किंमत १,००,०००, आयुष्य पाच वर्षे आणि शेवटी मूल्य शून्य असेल, तर सरळ रेषा पद्धतीने दर वर्षी २०,००० खर्च पडतो. पण त्या वर्षी कोणालाही पैसे दिले जात नाहीत. खरेदीच्या वेळी गेलेले पैसे पाच वर्षांमध्ये वाटून घेण्याची ती रीत आहे. नफा आणि शिल्लक रोख यांचे आकडे वेगळे येण्याचे हे एक नेहमीचे कारण असते.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे अदत्त वेतनाचे उदाहरण करून पाहिले. शेवटच्या महिन्याचे ८,००० द्यायचे राहिले आहेत. रोख गेलेली नाही, पण कर्मचाऱ्याच्या वहीत ते येणे असणार, म्हणून आपल्याकडे वेतन खाते नावे आणि अदत्त वेतन खाते जमा. हे प्रथमच न घोकता जमले. फक्त एक शंका राहिली. संशयित बुडीत कर्जाची, म्हणजे वसूल होणार नाही अशी शंका असलेल्या येण्याची, तरतूद करताना आपण येण्याची रक्कम कमी दाखवतो, पण समोरच्या ऋणकोच्या वहीत तर पूर्ण देणे तसेच असते. इथे दोन वह्या जुळत नाहीत, ते कसे?

प्रतिसाद २

प्रश्न अगदी योग्य जागी विचारला आहे. इथे हक्क तसाच राहतो, बदलतो तो वसुलीचा अंदाज. संभाव्य तोटा आधी धरावा आणि संभाव्य नफा हाती येईपर्यंत धरू नये, या सावधगिरीच्या तत्त्वाने ही तरतूद केली जाते. म्हणूनच ती ऋणकोच्या खात्यात लिहीत नाहीत. नफा-तोटा खाते नावे करून तरतुदीचे वेगळे खाते जमा करतात आणि ताळेबंदात ती एकूण येण्यातून वजा दाखवतात. रक्कम खरोखर बुडाली असे ठरते, तेव्हाच ऋणकोचे खाते जमा करून बंद केले जाते.