पाडव्याला वीस पानं आणि यजमानीण यात्रेत

(पाचपाखाडी, ठाणे. सोसायटीचा ग्रुप)

सोमवार, संध्याकाळ

मृणाल (बी-७०४): नमस्कार मंडळी, एक मदत हवीये. गुरुवारी पाडव्याला स्वागतयात्रेनंतर वीसेक जण जेवायला येतायत. त्यातली निम्म्याहून जास्त भाच्याच्या ढोलपथकातली पोरं, म्हणजे पहाटेपासून वाजवून येणार आणि ताटावर तुटून पडणार. गुढी उभारून आम्ही दोघंही सकाळी सहालाच कौपीनेश्वर मंदिराकडे निघणार, परत यायला बारा. बुधवारी रात्री करून ठेवलं आणि गुरुवारी गरम करून वाढलं, असं काय काय होईल? श्रीखंड-पुरी ठरलंय. त्याच्या पुढे गाडी सरकत नाहीये.

निखिल (सी-९०५): ऑर्डर करा ना ताई. पनीर माखनी, नान, विषय संपला.

रेखाताई (ए-३०१): पाडव्याच्या सकाळी तलावपाळीकडचे रस्ते यात्रेसाठी बंद असतात. डिलिव्हरीवाला येणार कसा, बोटीतून?

निखिल (सी-९०५): 😂

सेक्रेटरी: गेटसमोर पांढरी वॅगनआर कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये. कृपया ताबडतोब काढावी.

देशपांडे काका (सी-१०२): सणाच्या दिवशी पाहुण्यांना आदल्या दिवशीचं वाढायचं? आणि गुढीला नैवेद्य शिळा? आमच्याकडे हे चालत नाही. सकाळी चारला उठा, सगळं होतं. आमची आई चाळीस पानं काढायची.

वैशाली (डी-६०३): काका, आई चाळीस पानं काढायची तेव्हा घरात चार बायका हाताशी असायच्या. आणि ढोल वाजवायला जायचं नसायचं 🙂

रेखाताई (ए-३०१): काका, श्रीखंडाचा चक्का आपण आदल्या रात्रीच टांगतो ना? दहीवड्याची डाळ आदल्या दिवशीच भिजते. नैवेद्याचं एक पान ताजं होईल, वरणभाताचा छोटा कुकर लावायला कितीसा वेळ लागतो. प्रश्न बाकीच्या वीस पानांचा आहे.

देशपांडे काका (सी-१०२): नैवेद्य ताजा होणार असेल तर माझं काही म्हणणं नाही.

सेक्रेटरी: वॅगनआर अजून तिथेच आहे.

रेखाताई (ए-३०१): मृणाल, आता नीट ऐक. नुसतं टिकणारं शोधू नकोस, मुरणारं शोध. भेंडी, पालेभाजी, बटाट्याची सुकी भाजी रात्रभर टिकतात, पण दुसऱ्या दिवशी उतरलेली लागतात. उसळींचं उलट असतं. छोले, राजमा, काळ्या वाटाण्याची उसळ, मिसळीचा कट, अळूचं फदफदं, सगळं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. मसाला दाण्याच्या आतपर्यंत जातो. पाडवा आहे, श्रीखंड आहे, तर माझं मत डाळिंब्यांच्या उसळीला. छोले कधीही होतील.

मृणाल (बी-७०४): वाल?? ताई, वीस माणसांचे वाल सोलायचे कोणी?

रेखाताई (ए-३०१): सोलायचे असतील तर आज रात्रीच भिजत घाल. उद्या सकाळी उपसून फडक्यात बांध, या उकाड्यात बुधवारपर्यंत मस्त मोड येतील. मग कोमट पाण्यात टाकून चिमटीत धरलं की दाणा सटकन बाहेर येतो. टीव्ही बघत दोघं बसलात तर होतं. नसेल जमत तर बुधवारी सकाळी जांभळी नाक्याला जा, मोड आणून सोललेल्या डाळिंब्या विकायला बसलेल्या असतात बायका. सणाच्या आदल्या दिवशी दहाच्या आत जायचं, नंतर तळातला चुरा उरतो. सोललेल्या असतील तर दीड किलो पुरे.

मृणाल (बी-७०४): विकतच्या. निर्णय झाला.

वैशाली (डी-६०३): पण ढोलवाल्या पोरांना गोडसर उसळीने काय होणार! त्यांना झणझणीत काहीतरी हवं. पातोडी रस्सा कर. आमच्याकडे जळगावला अचानक पाहुणे आले की हेच, घरात भाजी नसली तरी अडत नाही. आणि तुझ्यासाठी तर सोयीचंच, कारण दोन्ही भाग वेगवेगळे आदल्या दिवशी होतात.

मृणाल (बी-७०४): सविस्तर सांग ना. मी फक्त खाल्लाय, केला नाहीये कधी.

वैशाली (डी-६०३): बेसनात तिखट, मीठ, हळद, ओवा, लसूण-जिऱ्याचं वाटण घालायचं. कढईत फोडणी, त्यात पाणी उकळायचं आणि त्या उकळत्या पाण्यात बेसन एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने घोटायचं. हात दुखला पाहिजे. गोळा कढईची कड सोडून लाटण्याबरोबर फिरायला लागला की वर झाकण ठेवून मंद वाफ. मग तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचं, पाण्याचा हात घेऊन. वर सुकं खोबरं, कोथिंबीर. गार झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून डब्यात, डबा फ्रिजमध्ये. वडी हातात घेऊन वाकवली तर थोडी वाकून मग तुटली पाहिजे. लगेच भुगा झाला तर वाफ कमी पडली.

वैशाली (डी-६०३): रश्श्याचं वाटण: कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी गॅसवर थेट काळी होईपर्यंत भाजायची, लसूण, आलं, कोथिंबीर, खडा मसाला. पाट्यासारखं गुळगुळीत वाटायचं. भरपूर तेलात परतून ठेव, तेल सुटेपर्यंत. बुधवारी इथेच थांब. गुरुवारी त्यात उकळतं पाणी ओतलं की दहा मिनिटांत तर्री वर येते. वड्या अगदी शेवटी सोडायच्या. आधीपासून रश्श्यात ठेवल्यास तर वड्या सगळा रस्सा पिऊन टाकतात आणि तुला वाढायला पिठलं उरतं.

निखिल (सी-९०५): मला भूक लागली.

रेखाताई (ए-३०१): वैशालीचं बरोबर आहे. दोन्ही कर, एक सौम्य एक तिखट. तिसरं काही करू नकोस. तीन-चार भाज्या केल्या की गॅसवर गरम करायला शेगड्या पुरत नाहीत, हे कोणी आधी मोजत नाही.

मृणाल (बी-७०४): आणि मसालेभात? तोही रात्रीच करून ठेवला तर?

डॉ. अनघा (बी-२०४): नको. भात त्याच दिवशी. मी फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करते म्हणून जरा ठामपणे सांगते. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष परत गरम केल्याने जात नाही. वीस जणांचं मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवणं हा नको तो धोका आहे.

रेखाताई (ए-३०१): आणि मसालेभात तसाही ताजाच बरा. तू तयारी करून ठेव. तोंडली चिरून डब्यात, मटार सोलून, काजू, गोडा मसाला, कोरडा तांदूळ मोजून एका पातेल्यात. सव्वा किलो तांदूळ. आल्या आल्या धुवून फोडणीला टाकायचा. पोरं हातपाय धुवून फेटे सोडेपर्यंत भात तयार.

डॉ. अनघा (बी-२०४): उसळीबद्दलही तेच लक्षात ठेव. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. पण मोठं पातेलं तसंच उचलून फ्रिजमध्ये ठेवू नकोस. बाहेरून गार दिसतं, मधे मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहतं, वर फ्रिजमधलं दूधही नासवतं. पसरट डब्यांत तीन-चार भाग कर. परातीत पाणी आणि बर्फ घालून त्यात डबे ठेव, मधेमधे हलव. अर्ध्या तासात गार होतं. गुरुवारी नुसती कोमट करू नकोस, खळखळून उकळी आली पाहिजे.

देशपांडे काका (सी-१०२): आमच्या काळी फ्रिज नव्हते, कोणी आजारी पडलं नाही.

डॉ. अनघा (बी-२०४): काका, तुमच्या काळी आई चारला उठून ताजं करायची. तुम्हीच सांगितलंत मघाशी.

देशपांडे काका (सी-१०२): 🙏

मंगळवार, दुपार

मृणाल (बी-७०४): अजून एक गुंता. ऑफिसमधल्या दोन मैत्रिणी येतायत, जैन आहेत. डाळिंब्यांच्या उसळीत कांदा-लसूण नाही घातलं तर चालेल ना?

रेखाताई (ए-३०१): आमच्या पद्धतीत नसतोच. हिंग, जिरं-खोबरं, गोडा मसाला, आमसूल, गूळ. बस.

जिग्नाबेन (ए-८०२): मृणाल, कांदा-लसणाचा प्रश्न सोपा आहे, पुढचं ऐक. जे कडक पाळतात ते मोड आलेलं कडधान्य खात नाहीत. रात्रभर ठेवलेलं ओलं शिजवलेलं अन्नही नाही, त्याला आम्ही वासी म्हणतो. खाकरा चालतो, कारण तो कोरडा. आणि कच्च्या दह्याबरोबर डाळ, बेसन, कडधान्य नाही, ते विदळ होतं. म्हणजे तुझं श्रीखंड आणि तुझी उसळ एका ताटात आले की झालं. सगळेच एवढं पाळत नाहीत, माझी सून नाही पाळत, मी पाळते. आधी विचारून घे.

देशपांडे काका (सी-१०२): बघा! मी काय म्हणत होतो!

रेखाताई (ए-३०१): काका, आता एक दिवस तुम्हीच पंगत घाला 🙂

मृणाल (बी-७०४): विचारलं. एक सगळं पाळते, दुसरी फक्त कंदमुळं खात नाही. म्हणजे पातोडीतला लसूण दोघींनाही बाद.

जिग्नाबेन (ए-८०२): मग चिंता नको. त्या पाळणाऱ्या मुलीचं मी बघते. माझ्याकडे सकाळी ताजी कच्च्या केळ्याची भाजी होणारच आहे, पुरी तुझ्याकडे गरम मिळेल, श्रीखंड चक्का ताजा असेल तर ती खाईल का ते तिलाच विचार. बाराला डबा पाठवते.

मृणाल (बी-७०४): जिग्नाबेन, तुम्ही देवमाणूस आहात.

जिग्नाबेन (ए-८०२): देवमाणूस नाही, शेजारीण आहे. श्रीखंड वर पाठव, माझा मुलगा खातो.

निखिल (सी-९०५): पनीरचं काहीच नाही का? विचारतोय फक्त.

रेखाताई (ए-३०१): ग्रेव्ही आदल्या दिवशी होते, फ्रीझरमध्येही राहते. पनीर मात्र त्यात रात्रभर ठेवलं की रबर होतं. ते आयत्या वेळी कोमट पाण्यात भिजवून घालायचं. पण निखिल, पाडव्याला पनीर?

निखिल (सी-९०५): हा मेसेज काढून टाकला आहे.

बुधवार

मृणाल (बी-७०४): डाळिंब्या मिळाल्या, चक्का मिळाला. डेअरीत इतकी रांग की मागच्याने पुढच्याला इस्त्रीचे कपडे सांभाळायला दिले. रेखाताई, आता शिजवायला घेते. किती शिजवू?

रेखाताई (ए-३०१): कुकर नको, पातेल्यात. जिरं-मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यावर डाळिंब्या, हलक्या हाताने परतायच्या. आधणाचं पाणी घालायचं, गार नाही. वर ताटात पाणी ठेवून मंद आच. बोटाने दाबल्यावर दाणा चिरडला पाहिजे पण आपणहून फुटता कामा नये. उद्या परत उकळी येणार आहे, म्हणून आज किंचित कमीच ठेव. गूळ आणि आमसूल दाणा शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा दडदडीत राहतो, मग तासभर शिजव नाहीतर दोन. आणि पळी फिरवू नकोस, पातेलंच दोन्ही कानांना धरून हलव.

मृणाल (बी-७०४): ओलं खोबरं?

रेखाताई (ए-३०१): उद्या. या हवेत ओलं खोबरं सगळ्यात आधी आंबतं. नारळ आज खवून वेगळा फ्रिजमध्ये ठेव, वाढताना उसळीवर कोथिंबिरीबरोबर. उद्या उसळ आळलेली दिसेल, घाबरू नकोस, उकळतं पाणी घाल आणि मीठ परत चाख.

वैशाली (डी-६०३): मी साडेसातला येते पातोड्या थापायला. बेसन चाळून ठेव, गुठळ्या झाल्या तर मी परत जाईन.

मृणाल (बी-७०४): या या. आता खरा प्रश्न. माझा फ्रिज श्रीखंडाने आणि दुधाने भरला. उसळीचे चार डबे, पातोड्यांचा एक, वाटण, खवलेला नारळ. कोणाकडे जागा आहे का?

निखिल (सी-९०५): माझ्या फ्रिजमध्ये दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक सॉस आहे. सगळा घ्या.

रेखाताई (ए-३०१): शेवटी उपयोगी पडलास.

डॉ. अनघा (बी-२०४): निखिल, फ्रिज चालू आहे ना? आणि डबे एकमेकांवर चिकटवून रचू नका, मधून हवा फिरायला हवी.

निखिल (सी-९०५): चालू आहे हो. आत्ताच थोडा वाढवून ठेवला.

देशपांडे काका (सी-१०२): मृणाल, पुऱ्या कोण तळणार? तुम्ही दमून येणार सगळे.

मृणाल (बी-७०४): कणीक घट्ट मळून ठेवीन, लाटायला दोघी आहेत. तळायचं बघू.

देशपांडे काका (सी-१०२): मी बाराला येतो. पुरी ताजीच लागते, त्याबाबतीत मी कोणाचं ऐकणार नाही. झारा माझा घेऊन येईन, तुमचे नॉनस्टिकवाले नकोत.

रेखाताई (ए-३०१): काकांच्या पुऱ्या फुगतात हो, मी बघितलंय. मृणाल, माझं मोठं पातेलं आणि दोन पसरट डबे वॉचमनकडे ठेवलेत. पातेल्याचं झाकण वेगळ्या पिशवीत आहे, ते विसरू नकोस.

सेक्रेटरी: उद्या यात्रेसाठी निघणाऱ्यांनी गाड्या आजच मागच्या बाजूला लावाव्यात. पांढरी वॅगनआर, हे तुम्हालाही लागू आहे.