मदत हवी आहे: दीड वर्ष उभी असलेली पेट्रोल गाडी सेल्फ घेते, पण सुरू होत नाही

नमस्कार. देवरूखजवळच्या आमच्या गावी वडिलांची २००९ सालची, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी मे २०२४ पासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आजारपणामुळे वडिलांना पुण्यास आणावे लागले आणि दोन पावसाळे गाडीकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. २०२५ च्या दिवाळीनंतर ते पुन्हा गावी राहायला गेले आहेत. दर पंधरवड्याला त्यांना रत्नागिरीस डॉक्टरांकडे न्यावे लागते आणि एस. टी.चा प्रवास त्यांना आता झेपत नाही, म्हणून गाडी सुरू होणे फार गरजेचे आहे.

आतापर्यंत जे केले ते सविस्तर लिहितो. बॅटरी ४ व्होल्टच्याही खाली उतरली होती आणि चार्जिंग धरीना, म्हणून नवीन बसवली. सेल्फ मारतानाही तिचे व्होल्टेज १०.४ च्या खाली जात नाही. त्याआधी तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडले, रात्रभर मुरू दिले आणि सकाळी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते मोकळे आहे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी काथ्या आणि पेंढा आणून घरटे केले होते व शेजारच्या दोन वायरी कुरतडल्या होत्या, त्या जोडून घेतल्या. प्लगला ठिणगी निळी आणि जोरकस येते.

त्यामुळे दोष पेट्रोल पोचण्यात आहे, असे मला वाटते. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंद जी घरघर ऐकू यायची, ती आता येत नाही आणि कितीही सेल्फ मारला तरी प्लग कोरडेच निघतात. फ्यूज शाबूत आहे, रिलेचा (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचचा) टक् असा आवाज येतो आणि पंपाच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावला तर तो चावी फिरवताच दोन सेकंद लागतो. गावातल्या मेकॅनिकने टाकीला खालून रबरी हातोडीने हलकेच ठोकले, तेव्हा पंप क्षणभर वाजला आणि पुन्हा बंद पडला.

मग सीटखालचे झाकण उघडून टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल हातपंपाने काचेच्या बाटलीत काढले. बाटली उजेडात धरली तर वर गडद पिवळे पेट्रोल आणि खाली दोन बोटे गढूळ, पाण्यासारखा थर, असे दोन भाग स्पष्ट दिसत होते. वास पेट्रोलचा नव्हे, जुन्या वॉर्निशचा होता. टाकी जेमतेम पाव भरलेली असल्याने उरलेल्या जागेतल्या दमट हवेतील पाणी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने ओढून घेतले असावे आणि नंतर ते मिश्रण पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसले असावे, असा माझा तर्क आहे. पंप नेमका त्याच थरात बुडालेला होता.

माझा मुख्य प्रश्न असा, की टेस्ट लॅम्प लागतो एवढ्यावरून वायरिंग निर्दोष मानावे का? दिव्याला करंट अगदी थोडा लागतो, पंपाला त्याच्या कितीतरी पट. तेव्हा कनेक्टर किंवा अर्थिंगची जोडणी आतून गंजली असेल तर दिवा लागूनही पंप फिरणार नाही, हे शक्य आहे ना? पंप जोडलेला ठेवून व्होल्टेज मोजल्यास हे उलगडेल काय आणि किती व्होल्ट मिळाले तर दोष पंपातच आहे असे समजावे? पंपाला थेट बॅटरी लावून पाहण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु उघड्या टाकीजवळ ठिणगी उडण्याच्या भीतीने मी ते केलेले नाही.

पंप बदलावाच लागला तर टाकी उतरवून धुणे आवश्यक आहे, की सर्व पेट्रोल उपसून तळ कोरडा पुसल्यास चालेल? गाडी २००९ ची, म्हणजे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही. तेव्हा रबरी नळ्या आणि सीलही याच वेळी बदलावेत का? इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) आधी साफ करून घ्यावेत, की नव्या पेट्रोलवर गाडी सुरू होते का ते पाहून मग ठरवावे?

शेवटची विचारणा टाकीतून काढाव्या लागणाऱ्या आठ-नऊ लिटर पेट्रोलविषयी आहे. आमची विहीर शेडपासून पंधरा पावलांवर आहे, त्यामुळे ते जमिनीवर ओतण्याचा प्रश्नच नाही. त्याची सुरक्षित विल्हेवाट कशी लावावी, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय? टो करून रत्नागिरीला नेण्याचा पर्याय आहे, पण ब्रेकमुळे एक चाक जाम आहे, ते सोडवल्याशिवाय गाडी हलवायचे धाडस होत नाही. येत्या शनिवारी मी गावी जात आहे. मल्टिमीटर आणि पाने बरोबर असतील, त्यामुळे जी तपासणी सुचवाल ती त्याच दिवशी करून आकडे येथे लिहीन.