मदत हवी आहे : पंचगंगेच्या पाणीपातळीचे अपेक्षित मूल्य काढताना निरनिराळ्या सॉफ्टवेअरची उत्तरे जुळत नाहीत

नमस्कार. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी बी. एस्सी.च्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवते. अपेक्षित मूल्यावरील (म्हणजे दीर्घकालीन सरासरीवरील) प्रात्यक्षिकासाठी यंदा फासे आणि रंगीत चेंडू बाजूला ठेवून मी पंचगंगेची पाणीपातळी हा विषय घेतला आहे, कारण पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर आज किती फूट पाणी आहे हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. वर्गात प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची मुले आहेत. पाणी धोका पातळीच्या वर सरासरी किती चढते, हा त्यांच्या घरादाराशी निगडित प्रश्न आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर त्यांना पटेल अशा रीतीने, नेमके कारण सांगून द्यावे अशी माझी इच्छा आहे.

मांडणी अशी आहे. वर्षभरातील सर्वोच्च पाणीपातळी हा यादृच्छिक चल 'क्ष' मानला आहे आणि त्याचे वितरण गंबेल, म्हणजे अशा चरम (कमाल किंवा किमान) किमतींसाठी वापरतात ते, घेतले आहे. स्थान प्राचल (वितरण कुठे केंद्रित आहे ते ठरवणारा आकडा) ४१ फूट आणि प्रमाण प्राचल (ते किती पसरले आहे ते ठरवणारा आकडा) ४ फूट ठेवले आहे. हे दोन्ही आकडे प्रात्यक्षिकापुरते गृहीत धरलेले आहेत, प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेले नाहीत. कृपया कोणी ते पूररेषेच्या चर्चेत वापरू नयेत.

पहिली अडचण साध्या अपेक्षित मूल्याची आहे. सूत्राप्रमाणे ते ४१ + ४ × ०.५७७२, म्हणजे ४३.३१ फूट येते (०.५७७२ हा ऑयलरचा स्थिरांक). पायथनमधील सायपायचे उजव्या शेपटीचे (मोठ्या किमतींकडे लांबत जाणारे) गंबेल वितरणही हेच उत्तर देते. मॅथेमॅटिकामध्ये मात्र गंबेल याच नावाचे वितरण घेऊन, तेच प्राचल देऊन, ३८.६९ फूट असे उत्तर येते. याचा अर्थ सर्वसाधारण वर्षी पाणी इशारा पातळीलाही पोहोचत नाही, असा होईल. कोल्हापुरात हे वर्गासमोर मांडताच मुले हात वर करतील.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पाणी ४३ फुटांच्या वर जितके चढेल तितके 'आधिक्य' मोजायचे आणि ज्या वर्षी ते ४३ फुटांच्या खाली राहील त्या वर्षी आधिक्य शून्य धरायचे, असे ठरवले होते. या आधिक्याच्या अपेक्षित मूल्यासाठी वर्गातील गटांकडून चार वेगवेगळी उत्तरे आली. एका गटाने अपेक्षित पातळीतून थेट ४३ वजा करून ०.३१ फूट असे लिहिले. एका गटाने आर (R) ही संख्याशास्त्रीय संगणकभाषा वापरून ४३ पासून एक लाखापर्यंत इंटिग्रेशन केले, तेव्हा शून्यच म्हणावे इतके लहान उत्तर आले आणि सोबत छापलेली त्रुटीची मर्यादाही तितकीच नगण्य होती. सायपायमधील 'एक्स्पेक्ट' या सुविधेत खालची मर्यादा ४३ देणाऱ्या गटाला २.१० फूट मिळाले. तिथेच 'कंडिशनल' हा पर्याय चालू ठेवणाऱ्या गटाला ४.६२ फूट मिळाले.

यातले कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे, आणि आर शून्य का देते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता कागदावर पडताळता येईल असा एखादा मार्ग असल्यास तोही हवा आहे. माझ्या मते प्रात्यक्षिकाचा खरा गाभा तोच आहे.

प्रतिसाद

मॅडम, जलविज्ञानाच्या कामात मी आर आणि सायपाय दोन्ही नेहमी वापरतो, त्यामुळे हे फरक ओळखीचे आहेत. आधी आरच्या शून्याबद्दल लिहितो, कारण त्यात फसगत होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

आर आणि सायपाय या दोन्हींमधील इंटिग्रेशन क्वाडपॅक या एकाच जुन्या प्रणालीवर उभे आहे. मर्यादा सांत असतील तर ही प्रणाली दिलेल्या अंतरात सुरुवातीला फक्त २१ बिंदूंवर फलनाची किंमत पाहते. अंतर ४३ पासून एक लाखापर्यंत ठेवल्यास त्यातला सर्वांत डावीकडचा बिंदू सुमारे २६० फुटांवर पडतो. तुमच्या वितरणाची सगळी घनता तर ७०–८० फुटांच्या आत संपलेली असते. साहजिकच एकविसाही बिंदूंवर फलन शून्यवत दिसते, प्रणालीला कुठेही चढउतार आढळत नाही, आणि ती समाधानाने शून्य उत्तर देऊन नगण्य त्रुटी छापते. त्रुटीचा तो अंदाजही त्याच बिंदूंवरून काढलेला असतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. 'मोठी संख्या म्हणजे अनंत' असे न मानता वरची मर्यादा 'इन्फ' अशीच लिहावी; तेव्हा प्रणाली चल बदलून संपूर्ण शेपूट शून्य ते एक या अंतरात आणते आणि उत्तर २.१० मिळते.

मॅथेमॅटिकाचा फरक केवळ नामकरणाचा आहे. तिथे गंबेल या नावाखाली किमान मूल्यांचे, डाव्या शेपटीचे वितरण ठेवलेले आहे, त्यामुळे ०.५७७२ ची चौपट मिळवण्याऐवजी वजा होते. कमाल मूल्यांसाठी तिथे 'एक्स्ट्रीम व्हॅल्यू डिस्ट्रिब्यूशन' घ्यावे लागते. सायपायमध्ये हीच जोडी 'गंबेल आर' आणि 'गंबेल एल' अशा नावांनी येते.

आता ०.३१ बद्दल. फलनाचे अपेक्षित मूल्य आणि अपेक्षित मूल्यावरचे फलन या भिन्न गोष्टी आहेत. ४३ च्या खालची वर्षे आधिक्यात शून्य म्हणून मोजली जातात, ऋण म्हणून नव्हे. ज्या वर्षी पाणी ३६ फुटांवरच थांबले त्या वर्षाने ५० फुटांच्या वर्षाचे आधिक्य काही कमी होत नाही. थेट वजाबाकीत मात्र नेमके तेच घडते, आणि म्हणून उत्तर सातपटीने लहान येते. यालाच येन्सेन यांची असमानता म्हणतात. तुमच्या विद्यार्थ्यांना ती सिद्धतेपेक्षा या उदाहरणाने लवकर कळेल, असे मला मनापासून वाटते.

२.१० आणि ४.६२ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिले सर्व वर्षांवरची सरासरी सांगते. दुसरे, धोका पातळी ओलांडली गेली आहे असे समजल्यावर पाणी तिच्या वर सरासरी किती असेल, हे सांगते. तुमच्या प्राचलांनुसार धोका पातळी ओलांडण्याची संभाव्यता ०.४५४८ आहे, आणि २.१०२७ ला ०.४५४८ ने भागले की ४.६२ मिळतात. दरवर्षीच्या तरतुदीचा विचार करताना पहिले उत्तर उपयोगी पडते. घरातले सामान माळ्यावर किती उंच चढवावे या विचाराला दुसरे अधिक जवळचे आहे.

कागदावरची पडताळणी अशी करता येईल. ऋण नसलेल्या चलाचे अपेक्षित मूल्य म्हणजे त्याच्या शेपटीच्या संभाव्यतेचे इंटिग्रेशन. गंबेलसाठी ते केल्यावर ट = ई चा उणे ०.५ वा घात, म्हणजे ०.६०६५, असे घेऊन पुढील श्रेणी मिळते : ट − ट²/४ + ट³/१८ − ट⁴/९६ + ट⁵/६००. छेद १·१!, २·२!, ३·३! असे वाढत जातात, त्यामुळे पदे झपाट्याने लहान होतात. ०.६०६५ − ०.०९२० + ०.०१२४ − ०.००१४ + ०.०००१ मिळून सुमारे ०.५२५७ होतात, त्याला प्रमाण प्राचल ४ ने गुणले की २.१० फूट. पाच पदांत काम होते आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. नदी पात्राबाहेर पसरली की विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) वाढला तरी पातळी त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय राधानगरीसारख्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्याचाही पातळीवर परिणाम होतो. म्हणून प्रत्यक्ष कामात गंबेल वितरण बहुधा पातळीऐवजी विसर्गाला बसवतात. प्रात्यक्षिकाला याने बाधा येत नाही, पण वर्गात हे सांगावे.

धागा सुरू करणारीकडून

मनःपूर्वक आभार. श्रेणीची पदे फळ्यावर मांडून पाहिली, आता २.१० हे उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय उभे राहते. याच अनुषंगाने आणखी एक शंका आहे. एका विद्यार्थिनीने गंबेलऐवजी व्यापक चरम मूल्य वितरण (गंबेल ज्याचा एक खास प्रकार आहे ते) घेतले आणि आकार प्राचल, म्हणजे शेपूट किती जाड ते ठरवणारा आकडा, ०.१ ठेवला. आरमधील ईव्हीडी पॅकेजने अपेक्षित पातळी ४३.७५ फूट दिली, तर सायपायने ४२.९५. इथे मर्यादाही नाहीत आणि नावही तेच आहे. शिवाय १०,००० वर्षांचे कृत्रिम नमुने काढून सरासरी घेतल्यास प्रत्येक वेळी दुसरा दशांश बदलतो, तो स्थिर कसा करावा?

प्रतिसाद

सायपायमध्ये या वितरणाच्या आकार प्राचलाचे चिन्ह उलटे आहे. जलविज्ञानातील प्रचलित संकेतानुसार जाड शेपटीचा ०.१ तिथे उणे ०.१ असा लिहावा लागतो. तसे केले की ४३.७५ मिळतील. चिन्हाची खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे आधी वितरणाची वरची सीमा विचारणे. ती सांत आली तर तुम्ही आखूड शेपटीचे वितरण घेतलेले आहे.

नमुन्यांबद्दल : तुमच्या गंबेल वितरणाचे प्रमाण विचलन ५.१३ फूट आहे, म्हणून १०,००० नमुन्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ०.०५ फूट राहणारच. आणखी एक दशांश स्थिर हवा असेल तर शंभरपट नमुने लागतील, त्यापेक्षा इंटिग्रेशन बरे. आकार प्राचल १ किंवा त्याहून मोठा असेल तर अपेक्षित मूल्य अनंत असते, आणि तिथे नमुन्यांची सरासरी तरीही दर वेळी एखादी सांत संख्या छापते. विद्यार्थिनीला १.२ हा आकार प्राचल घेऊन १,०००, १०,००० आणि १,००,००० नमुन्यांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी लिहायला सांगावे; त्या एका आकड्यावर स्थिरावत नाहीत हे तिला स्वतःच दिसेल.