वजन कमी करण्यासाठी रोज किती कॅलरी? तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले

कोपरीची_सून
सर्वांना नमस्कार. माझे वय ३८, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ७२ किलो आहे. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि ऐरोलीतल्या एका कार्यालयात दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम करते. स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून पुढे होणारे चालणे धरून रोज चार-पाच हजार पावले होतात, त्यापलीकडे व्यायाम नाही. नुकत्याच झालेल्या तपासणीत साखर आणि थायरॉईड दोन्ही ठीक निघाले, परंतु कंबर ९२ सेंटीमीटर भरली आणि डॉक्टरांनी सात-आठ किलो वजन उतरवण्याचा सल्ला दिला.

दिवसाला किती उष्मांक घ्यावेत, हे शोधायला गेले तर घोटाळाच झाला. मोबाइलवरच्या ॲपने १२०० सांगितले. एका संकेतस्थळाने माझा दिवसाचा खर्च १८६५ काढला आणि त्यातून ५०० वजा करा असे सुचवले. घराजवळच्या जिममधील प्रशिक्षक म्हणतात की १८०० च्या खाली अजिबात जाऊ नका. यांतला कोणता आकडा धरावा?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आमच्याकडे चार माणसांचा स्वयंपाक एकाच कढईत होतो आणि तो सासूबाई करतात. त्यांना प्रत्येक चमचा तेल मोजायला सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. अशा घरात मोजणी कशी करावी, हे कोणी सांगू शकेल का?

पारसिकवरून
ताई, तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे बहुधा एकाच सूत्रातून आले आहेत. १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जॉर हे सूत्र आज सर्वाधिक वापरले जाते. किलोतल्या वजनाची दहापट, अधिक सेंटीमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, आणि स्त्रियांसाठी शेवटी आणखी वजा १६१ (पुरुषांसाठी अधिक ५). तुमच्या बाबतीत हे उत्तर सुमारे १३५६ येते. दिवसभर नुसते पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांच्या कामाला शरीर एवढी ऊर्जा खर्च करते, असा त्याचा अर्थ.

खरा फरक पडतो तो पुढच्या गुणकाराने. बैठ्या जीवनासाठी १.२, हलक्या हालचालीसाठी १.३७५, मध्यम व्यायामासाठी १.५५, असे ठरावीक गुणक आहेत. १.२ ने गुणल्यास १६२८ येतात आणि १.३७५ ने १८६५, म्हणजे संकेतस्थळाने तुम्हाला हलकी हालचाल करणाऱ्यांत बसवले. १.५५ ने गुणल्यास २१०० होतात. त्यातून तीनशे वजा केले की १८०० उरतात; जिमच्या प्रशिक्षकांनी तुम्ही जिममध्ये नियमित येणार असे गृहीत धरलेले दिसते, आणि तो त्यांचा व्यवसायसुलभ आशावाद समजावा.

ॲपच्या १२०० ची गोष्ट निराळी आहे. माहिती भरताना तुम्ही ‘दर आठवड्याला एक किलो’ असे उद्दिष्ट निवडले होते का? एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी (आपण बोलताना जिला नुसती ‘कॅलरी’ म्हणतो तीच) साठवलेल्या असतात, त्यामुळे आठवड्याला एक किलो म्हणजे रोज ११०० ची तूट. १६२८ मधून ११०० वजा केल्यास पाचशेच्या आसपास उरतात, आणि असा आकडा दाखवणे धोक्याचे असल्यामुळे अशी ॲप स्त्रियांसाठी १२०० ला थांबतात. तसे झाले असेल, तर १२०० हा तुमच्यासाठी काढलेला आकडाच नव्हे. गणित जिथे सोडून दिले ती ती मर्यादा आहे.

माझ्या मते तुमचा गुणक १.२ आणि १.३७५ यांच्या मधला, साधारण १.३ आहे. त्याने दिवसाचा खर्च १७६० च्या आसपास येतो. ही सूत्रे पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवरून बसवलेली असून भारतीयांच्या बाबतीत ती थोडे जास्त उत्तर देतात, असे पुष्कळदा आढळलेले आहे. म्हणून पाच टक्के काढून टाकल्यास १६७० उरतात. तिथून अडीचशे कमी करून १४०० ते १४५० वर सुरुवात करावी आणि महिनाभराने पुन्हा पाहावे.

कळवा_खाडीकाठ
एवढी आकडेमोड करण्याची खरोखर गरज आहे का? मी रात्रीचा भात बंद केला, साडेसातच्या आत जेवू लागलो आणि काहीही न मोजता वर्षभरात सहा किलो वजन उतरले. आपल्या आजी-आजोबांनी कधी कॅलरी मोजल्या होत्या?

नेरूळ_आहारकक्ष
मी आहारतज्ज्ञ आहे आणि नेरूळला काम करते. आधी खाडीकाठच्या दादांना उत्तर देते. रात्री दोन वाट्या भात म्हणजे शिजलेला अडीचशे ग्रॅम धरला, तर सव्वातीनशे किलोकॅलरी होतात. त्यातील थोडी भूक तुम्ही पोळीने भागवली असेल, तरीही रोज दीड-दोनशेची तूट पडली आणि वर्षभर टिकली. तुमचे वजन उतरले ते या तुटीमुळे; भाताचा त्यात विशेष दोष नाही आणि घड्याळाचाही फारसा हात नाही. मात्र ताईंच्या घरी रात्री भात होतच नसेल, तर तुमचा उपाय त्यांना निरुपयोगी ठरेल. आजी-आजोबांचे म्हणाल, तर पाणी भरणे, दळण-कांडण आणि पायी जाणे यांतच त्यांचा गुणक आपल्यापेक्षा कितीतरी वर गेलेला असायचा.

आता ताईंच्या कढईकडे वळते, कारण आपल्याकडे आकडा चुकतो तो सूत्रात कमी आणि फोडणीत जास्त. चार माणसांसाठी भरल्या वांग्यांचे उदाहरण घ्या. अर्धा किलो वांग्यांचे सव्वाशे. त्यात तीन मोठे चमचे तेल, म्हणजे चाळीस ग्रॅम, त्याचे ३६०. शेंगदाण्याचे कूट चाळीस ग्रॅम, त्याचे सव्वादोनशे. सुके खोबरे वीस ग्रॅम, त्याचे १३०. एकूण साडेआठशेच्या आसपास, आणि त्यात वांगी फक्त सव्वाशेची. ॲपमध्ये ‘वांग्याची भाजी, एक वाटी’ अशी नोंद निवडलीत तर ती कोणाच्या घरच्या वांग्यांची आहे हे कळायला मार्ग नाही. त्या भाजीत तेल एक चमचा असेल किंवा चार.

सासूबाईंना चमचे मोजायला सांगू नका. त्याऐवजी महिन्याला तेलाच्या किती पिशव्या लागतात ते पाहा. चार लिटर लागत असतील, तर तेलाचे वजन लिटरला सुमारे ९१० ग्रॅम धरून ३६४० ग्रॅम होतात. चार माणसे आणि तीस दिवस, म्हणजे १२० वाटे; प्रत्येकाच्या वाट्याला रोज तीस ग्रॅम तेल आणि २७० किलोकॅलरी. हा आकडा रोजच्या नोंदीत एकरकमी लिहावा आणि भाजी, आमटी, पोळी यांची नोंद बिनतेलाची करावी. तळणीचे उरलेले तेल टाकून दिले जात असेल तर तेवढे वजा करा. तूप, कूट आणि साखर यांनाही हीच रीत चालते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हातावर कोणी नजर ठेवत नाही, आणि महिनाअखेरीस एक पिशवी कमी आणायची का, यावर घरात शांतपणे बोलता येते. चार लिटरच्या जागी तीन आणले, तर प्रत्येकाचे रोजचे सत्तरएक किलोकॅलरी कमी होतात आणि भाजीच्या चवीत फार फरक पडत नाही.

पोळ्यांसाठी कणकेच्या एका उंड्याचे वजन एकदाच करून ठेवा. तीस ग्रॅम पिठाची फुलक्याएवढी पोळी तेलाशिवाय शंभरच्या आसपास असते, पण अनेक घरांत घडीची पोळी पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम पिठाची निघते आणि ॲपमध्ये मात्र ‘१ पोळी’ अशीच नोंद होते. दुधाच्या बाबतीत पिशवीवरचा तक्ता वाचावा. सहा टक्के स्निग्धांशाचे दूध आणि तीन टक्क्यांचे टोन्ड दूध यांत शंभर मिलिलिटरमागे सुमारे तीस किलोकॅलरींचा फरक असतो, आणि दिवसातून तीन वेळा चहा घेणाऱ्यांना तो जाणवण्याइतका आहे.

पारसिकवाल्यांनी पाच टक्के वजा केले ते ठीक, परंतु एवढ्या बारकाईला फारसा अर्थ नाही. गुणक निवडतानाच दोन-अडीचशेचा फरक पडू शकतो. १४५० ते १५०० हे मला सुरुवातीसाठी मान्य आहे. त्यात रोज सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिने असावीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दुपारच्या डब्यात दोन अंडी किंवा एक वाटी घट्ट उसळ, रात्री बांगडा किंवा पनीर, आणि दोन्ही वेळा वाटीभर दही असे धरले तर ते जुळते. नुसत्या पातळ वरणावर जुळणार नाही.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहून ठेवते. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, गर्भारपण किंवा स्तनपान असेल, किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर येथील कोणताही आकडा परस्पर वापरू नये. ८०० च्या खालचे आहार तर केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

कोपरीची_सून
आठवड्याला एक किलो हेच उद्दिष्ट मी निवडले होते, त्यामुळे १२०० चा उलगडा झाला. तेलाच्या पिशव्यांचा हिशोब तर आजच केला. आमच्याकडे साडेचार लिटर लागते. आणखी दोन शंका आहेत. माझे मनगटी घड्याळ संध्याकाळी ‘४०० कॅलरी खर्च झाल्या’ असे दाखवते. तेवढे जास्त खाल्ले तर चालेल का? आणि माझी संकष्टी असते, त्या दिवशीचा हिशोब कसा करावा?

पारसिकवरून
घड्याळाचे चारशे वेगळे धरू नका. तुमचे चालणे १.३ या गुणकात आधीच आलेले आहे. पुन्हा मिळवलेत तर एकाच गोष्टीची दोनदा जमा होईल. सपाट रस्त्यावर चालताना बसून राहण्यापेक्षा जो जादा खर्च होतो तो दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण अर्धा किलोकॅलरी असतो. तुम्ही मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारून चार किलोमीटर चाललात, तरी तो १४५ च्या आसपास भरेल, म्हणजे एका वडापावच्या निम्मा. चालणे अवश्य वाढवावे, परंतु त्याची परतफेड ताटात मागू नये.

महिनाअखेरची पडताळणी कशी करायची, हे मी आधी लिहिले नव्हते आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. रोज सकाळी, शौचास जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पहिल्या आठवड्याची सरासरी बाजूला ठेवा, कारण खाणे कमी केल्यावर शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, वापरला जातो आणि त्याच्याबरोबर पुष्कळ पाणी निघून जाते. तेव्हा दिसणारी दीड किलोची घट चरबीची नसते. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधी शरीरात पाणी साठून वजन वर जाते, म्हणून चक्राचा एक आठवडा पुढच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

समजा, तुम्ही चार आठवडे सरासरी १४५० ची नोंद केलीत आणि वजन ८०० ग्रॅम उतरले. ८०० ग्रॅमचे सुमारे ६१६० किलोकॅलरी होतात, त्यांना २८ दिवसांनी भागले की रोजची तूट २२० येते. म्हणजे तुमचा खरा खर्च, तुमच्याच नोंदवहीच्या मापाने, १६७० आहे. ‘नोंदवहीच्या मापाने’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. लोक जेवढे खातात त्यापेक्षा कमी लिहितात, हे अनेकदा सिद्ध झाले आहे. १९९२ सालच्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्तींची नोंद प्रत्यक्ष आहारापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाली होती. परंतु तुमची चूक दर दिवशी सारखीच असेल, तर या हिशोबात ती फारशी आड येत नाही. तुम्ही खरोखर १६०० खात असाल आणि १४५० लिहीत असाल, तरी पुढच्या महिन्यात ‘लिहिलेले’ शंभरने कमी केलेत की खाल्लेलेही जवळजवळ तेवढेच कमी होईल. म्हणून मोजण्याची रीत मध्येच बदलू नये. या महिन्यात तेल एकरकमी धरले असेल तर पुढच्या महिन्यातही तसेच धरावे.

वजन उतरत जाईल तसा खर्चही घटेल, त्यामुळे चार-पाच किलो उतरल्यावर हा हिशोब नव्याने मांडावा लागेल. तेव्हा वजन अडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

नेरूळ_आहारकक्ष
संकष्टीबद्दल. साबुदाण्याची खिचडी एक भरलेली ताटली घेतली, तर त्यात कोरडा साबुदाणा साठ ग्रॅम, कूट पंचवीस ग्रॅम, तूप दोन चमचे आणि थोडा बटाटा सहज असतो. एकूण पावणेपाचशे होतात आणि प्रथिने सात ग्रॅमही भरत नाहीत. चंद्रोदयानंतर त्यावर पूर्ण जेवण आणि दोन उकडीचे मोदक झाले, की उपवासाचा दिवस महिन्यातला सर्वांत जड दिवस ठरण्याची शक्यता असते. उपवास सोडावा असे मी म्हणणार नाही. दिवसा खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी मोजून घ्यावी, सोबत दही किंवा ताक ठेवावे, आणि मोदक नैवेद्याचा म्हणून एक घ्यावा. तरीही त्या दिवशी १८०० झाले, तर ते १८०० असेच लिहा आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहून त्याची भरपाई करू नका. महिन्याच्या सरासरीत एका दिवसाच्या साडेतीनशेचे वाट्याला बारा येतात.

साडेचार लिटर तेलात गणपती-दिवाळीची तळणी धरली आहे की नाही, तेवढे कळवा. नसेल, तर तुमच्या खात्यात रोजचे ३०७ लिहावे लागतील आणि मग १४५० मध्ये दुपारच्या डब्याला किती उरते, ते पुन्हा मांडून पाहू.