सीसीएनए: लॅब जमते, थिअरीच्या प्रश्नांना गाडी अडते. तयारी कशी करावी?

सातपूर_ट्रंक:
नमस्कार मंडळी. सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, २००-३०१) देणार आहे. पॅकेट ट्रेसरवर (सिस्कोचं नेटवर्क सिम्युलेटर) व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी एक लिंक), ओएसपीएफ (राउटिंग प्रोटोकॉल), नॅट, एसीएल हे सगळं न बघता करता येतं. पण सराव चाचणीत 'खालीलपैकी कोणती दोन विधानं बरोबर' असं आलं की चारातली दोन बाद होतात, उरलेल्यांत घोळ. आरएसटीपीत (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) गोंधळ होतो, वायरलेस आणि ऑटोमेशन तर डोक्यावरून जातं. सातपूरला शिफ्टची नोकरी आहे, रोज दीड तासच मिळतो. नोट्स पाठ कराव्यात की व्हिडिओ पुन्हा बघावेत? दोघांनी डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं) घ्यायला सांगितलंय, तेही बरोबर वाटत नाही.

द्वारका_गेटवे:
डंपचं आधी निकालात काढू. सिस्कोच्या नियमांत ती सरळ फसवणूक आहे, सापडलात तर निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय त्यातली बरीच उत्तरं चक्क चुकीची असतात.

आता मुद्द्याचं. सिस्कोच्या साइटवर 'एक्झाम टॉपिक्स'ची पीडीएफ फुकट मिळते. व्हर्जन १.१ चीच घ्या, ऑगस्ट २०२४ पासून तीच लागू आहे. प्रिंट काढा आणि प्रत्येक ओळीतल्या क्रियापदाखाली रेघ मारा. 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' असेल तिथे हात चालला पाहिजे, तो तुमचा चालतोच. 'डिस्क्राइब', 'एक्स्प्लेन', 'कंपेअर' असेल तिथे कमांडपेक्षा कारण आणि फरक विचारतात. उदाहरणार्थ गेटवे रिडंडन्सीची (एक गेटवे बंद पडला तर दुसऱ्याने काम घेणं) ओळ 'डिस्क्राइब'ची आहे. म्हणजे एचएसआरपीच्या (त्यासाठीचा एक प्रोटोकॉल) कमांड घोकण्यात वेळ घालवू नका. व्हर्च्युअल आयपी कशासाठी, एचएसआरपी सिस्कोचा स्वतःचा आणि व्हीआरआरपी खुला, जीएलबीपी भार वाटून देतो, प्रायॉरिटी जास्त तो ॲक्टिव्ह, आणि एचएसआरपीत प्रीएम्प्ट (जास्त प्रायॉरिटीवाल्याने ॲक्टिव्हची जागा हिसकावणं) मुळात बंद असतो, एवढं पक्कं हवं.

तिसरं क्रियापद 'इंटरप्रिट', आणि खरी मेख तिथे आहे. राउटिंग टेबल छापलेलं देतात आणि पॅकेट कुठून जाईल विचारतात. हे बघा (ओ म्हणजे ओएसपीएफ, आर म्हणजे रिप, एस म्हणजे स्टॅटिक; चौकोनी कंसात आधी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे मार्ग कुठून कळला त्यावरचा भरवसा, कमी तो सरस, मग मेट्रिक):

ओ १०.१.०.०/१६ [११०/२०] व्हाया १९२.१६८.१.२
आर १०.१.४.०/२२ [१२०/३] व्हाया १९२.१६८.२.२
एस* ०.०.०.०/० [१/०] व्हाया १९२.१६८.३.२

पॅकेट १०.१.६.९ ला चाललंय. ओएसपीएफचा डिस्टन्स ११०, रिपचा १२०, म्हणून लोक पहिली ओळ निवडतात. काही जण तर स्टॅटिकचं १ बघून तिसरी. उत्तर दुसरी ओळ आहे. /२२ म्हणजे ४.० ते ७.२५५, त्यात ६.९ बसतो आणि तोच सगळ्यांत लांब प्रीफिक्स. पत्त्यावर नुसतं 'नाशिक' आणि दुसरीकडे 'नाशिक, सिडको, उत्तमनगर' असेल तर पोस्टमन कुठला धरेल, तसंच हे. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स कामाला येतो तो फक्त एकच नेटवर्क, त्याच मास्कसह, दोन वेगळ्या मार्गांनी कळलं तर. आणि मेट्रिकची तुलना एकाच प्रोटोकॉलच्या आत. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. या आयपी कनेक्टिव्हिटी विभागाला २५ टक्के वजन आहे, सगळ्यांत जास्त. फंडामेंटल्स आणि नेटवर्क ॲक्सेस २०-२०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन १०-१०. दीड तास त्या हिशेबाने वाटा.

पंचवटी_पिंग:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे, पण नुसतं वाचून हे टिकणार नाही. तुमची लॅब चांगली आहे ना, मग तिच्यातूनच थिअरी काढा. चालू लॅब मुद्दाम मोडा, आणि एंटर दाबायच्या आधी काय होणार ते वहीत लिहा. मग 'शो' कमांड चालवून पडताळा. अंदाज जिथे चुकला तेवढंच वाचायचं.

ओएसपीएफ घ्या. एका बाजूचा हॅलो टायमर १० चा १५ करा: शेजारी जुळणारच नाही. एरिया वेगळा करा, मास्क वेगळा करा: तेच. दोघांचे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वेगळे असले तर मात्र शेजारी दिसतो आणि एक्सस्टार्ट किंवा एक्स्चेंज या टप्प्यावर लटकतो. म्हणजे टप्पा बघून रोग ओळखता येतो, आणि प्रश्नही नेमका तोच असतो. इथरनेटवर डीआर (सगळ्यांच्या वतीने माहिती वाटणारा मुख्य राउटर) नाही, बीडीआर (त्याचा राखीव) नाही असे दोन राउटर एकमेकांना 'टू-वे' दाखवतात, तो बिघाड नव्हे. पर्यायांत तो बिघाड म्हणून हमखास टाकलेला असतो.

आणखी एक गोम. नवीन राउटरला प्रायॉरिटी २०० दिली की तो लगेच डीआर होतो असं वाटतं. नाही होत, ओएसपीएफमध्ये डीआरला कुणी हटवत नाही. पुढची पायरी बहुतेकांना ठाऊक नसते: आहे तो डीआर बंद पडला तर बीडीआर वर चढतो, २०० वाला नाही. २०० वाल्याला तेव्हा फार तर बीडीआरची जागा मिळते. तीन राउटर एका स्विचला जोडून हे एकदा बघाच.

काही ठिकाणी एकच तत्त्व दोन-तीन प्रश्न सोडवतं. ट्रंकला दोन्हीकडे 'डायनॅमिक ऑटो' असेल तर ट्रंक होत नाही, कारण दोघंही समोरच्याने सुरुवात करायची वाट बघतात. इथरचॅनेलच्या (अनेक वायरींची मिळून एक लिंक) एलएसीपीत 'पॅसिव्ह-पॅसिव्ह' आणि पीएजीपीत 'ऑटो-ऑटो' याच कारणाने जमत नाही. इथरचॅनेलचा 'ऑन' मात्र कुणाशी बोलतच नाही, म्हणून तो फक्त 'ऑन'शीच जुळतो. हे कळलं की तक्ता पाठ करायची गरज नाही.

सातपूर_ट्रंक:
डीआरचं हे मला खरंच माहीत नव्हतं. आरएसटीपीतही असंच काही मोडून बघता येईल का? रूट पोर्टच्या (मुख्य म्हणजे रूट स्विचकडे जाणारा पोर्ट) प्रश्नात नेहमी चुकतो.

पंचवटी_पिंग:
येईल. तीन स्विचचा त्रिकोण करा, व्हीलॅन १० टाका. 'शो स्पॅनिंग-ट्री' मध्ये प्रायॉरिटी ३२७७८ दिसेल. मूळ ३२७६८, त्यात व्हीलॅनचा नंबर १० मिळवलेला. हाच आकडा विचारतात. प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच बदलते, कमी तो रूट, सारखी असेल तर कमी मॅकवाला. म्हणून काहीच सेट केलं नाही तर बऱ्याचदा ऑफिसातला सगळ्यांत जुना स्विच रूट होऊन बसतो.

रूट पोर्ट शोधताना क्रम मोडू नका. आधी रूटपर्यंतची एकूण किंमत (१०० एमबीपीएसला १९, गिगाबिटला ४). ती सारखी असेल तर ज्या शेजाऱ्याचा ब्रिज आयडी (प्रायॉरिटी आणि मॅक मिळून) कमी तो. तोही एकच असेल, म्हणजे एकाच शेजाऱ्याला दोन वायरी, तर शेजाऱ्याच्या ज्या पोर्टचा आयडी कमी तो. लोक आपल्या पोर्टचा नंबर बघतात आणि तिथेच फसतात. दोन वायरी तिरक्या जोडा, म्हणजे याचा १ त्याच्या २ ला आणि याचा २ त्याच्या १ ला, लगेच दिसेल.

कॉलेजरोड_कॅपवॅप:
वायरलेस आणि ऑटोमेशनला मोडायला फारसं काही नसतं, तिथे फरकांच्या जोड्या करा. एपी (ॲक्सेस पॉइंट) काय करतो आणि कंट्रोलर काय करतो: बीकन, प्रोबला उत्तर, एन्क्रिप्शन यांसारखी क्षणाक्षणाची कामं एपीकडे, ऑथेंटिकेशन, रोमिंग, चॅनेल आणि पॉवर ठरवणं कंट्रोलरकडे. कॅपवॅपचं (एपी आणि कंट्रोलरमधला बोगदा) नियंत्रण यूडीपी ५२४६ वर, डेटा ५२४७ वर. लोकल मोडमधल्या एपीचा स्विचपोर्ट ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचा) असतो, कारण सगळी व्हीलॅन बोगद्यातून जातात. फ्लेक्सकनेक्टमध्ये ट्राफिक जागच्या जागी सोडायचं आणि एसएसआयडी वेगवेगळ्या व्हीलॅनचे असतील, तर ट्रंक लागतो. २.४ गिगाहर्ट्झला १, ६, ११ का, हेही कारणासकट: चॅनेल ५ मेगाहर्ट्झवर मांडलेत आणि एकेक २० च्या आसपास रुंद आहे.

ऑटोमेशनमध्ये नॉर्थबाउंड म्हणजे कंट्रोलर ते ॲप्लिकेशन, तिथे बहुतेक रेस्ट एपीआय. साउथबाउंड म्हणजे कंट्रोलर ते उपकरण, नेटकॉन्फ वगैरे. रेस्टच्या उत्तरात ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. जेसनमध्ये महिरपी कंसात ऑब्जेक्ट, चौकोनी कंसात यादी, की नेहमी दुहेरी अवतरणात, शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही. जुन्या नोट्समध्ये पपेट आणि शेफ असतील, ते सोडून द्या. १.१ मध्ये कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या ओळीत अँसिबल आणि टेराफॉर्म आहेत. अँसिबलला उपकरणावर एजंट लागत नाही, एसएसएचने काम भागतं, प्लेबुक यामलमध्ये. या विभागासाठी एवढं पाठांतर करावंच लागतं, इलाज नाही.

अंबड_सबनेट:
सगळ्यांनी सगळं सांगितलं, पण वेळेचं कुणी बोललं नाही. १२० मिनिटं, आणि पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. 'नंतर बघू' चालणारच नाही. म्हणून सबनेटिंग अर्ध्या मिनिटात व्हायला हवं, ते वाचवलेले मिनिट लॅबच्या प्रश्नांना लागतात.

१७२.१६.३७.० /२१ घ्या. तिसऱ्या आकड्यात ५ बिट नेटवर्कचे, गठ्ठा ८ चा. ३७ च्या खालचा ८ चा पट ३२. नेटवर्क ३२.०, ब्रॉडकास्ट ३९.२५५, वापरायला २०४६. बायनरी मांडत बसू नका.

व्हीएलएसएमला (एकच नेटवर्क लहान-मोठ्या गठ्ठ्यांत वाटणं) मोठ्यापासून सुरुवात. समजा अंबडच्या एका कारखान्याला १९२.१६८.४०.०/२४ दिलंय, ऑफिसला १००, कॅमेऱ्यांना ५०, वायफायला २५ पत्ते आणि सातपूरच्या गोदामाला एक लिंक. ० पासून /२५, १२८ पासून /२६, १९२ पासून /२७, २२४ पासून /३०. लहानापासून सुरू केलंत तर मोठा गठ्ठा हद्दीवर बसत नाही.

परीक्षा घरून ऑनलाइन दिलीत तर कागद-पेन मिळत नाही, स्क्रीनवरचा व्हाइटबोर्ड असतो. माउसने गठ्ठ्यांचा तक्ता काढायला हात वळत नाही, आधी सवय करा. वीज आणि नेटचा भरवसा नसेल तर सेंटर बरं. नापास झालात तर पुन्हा बसायला पाच दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण भरावी लागते, तेव्हा पूर्ण वेळ लावून दिलेल्या सराव चाचण्या नीट सुटेपर्यंत तारीख घेऊ नका. आणि रात्रपाळी संपवून थेट परीक्षेला बसू नका, स्लॉट साप्ताहिक सुट्टीचा घ्या.