कांदा-लसणाच्या सौर वाळवणीचा उद्योग इंदुरात उभा राहील का?

प्रश्न : रामबागची रहिवासी

नमस्कार. आमचे बिऱ्हाड रामबागेत असले तरी आजोबांनी घेतलेली थोडी जमीन सांवेरच्या बाजूला आहे आणि तिथे दरवर्षी कांदा व लसूण होतो. २०२२ साली लसणाचे भाव असे कोसळले की आमची काढणीची मजुरीसुद्धा सुटली नाही. २०२४ मध्ये तोच लसूण चढ्या भावाने विकला जात होता, तेव्हा मात्र आमच्याजवळ बियाण्यापलीकडे काही उरले नव्हते. स्वस्ताईच्या वर्षातला माल वाळवून ठेवता आला, तर शेतकऱ्याचे नुकसान टळेल आणि गावातल्या आठ-दहा बायकांना घराजवळ काम मिळेल, असे मला मनापासून वाटते. डिझेल किंवा लाकूड न जाळता, केवळ उन्हावर हे जमेल का? यंत्र कोणते घ्यावे आणि अनुदान मिळते का?

उत्तर १ : अन्नप्रक्रिया, महू

ताई, माळव्याचे ऊन आपल्या बाजूने आहे. लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आकाश निरभ्र असते. पण उघड्या गच्चीवरचे वाळवण आणि विकण्याजोगा माल यांत फरक आहे. उघड्यावर धूळ बसते, रंग उडतो आणि वासही जातो. म्हणून ज्यात हवा एका भागात तापते आणि दुसऱ्या, झाकलेल्या भागातल्या जाळ्यांमधून फिरते, असा ड्रायर घ्यावा. तापमान ६० अंशांच्या आसपास राहील, हे पाहावे.

कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे सोलण्यातली घट धरता दहा किलोंमागे किलोभर चकत्याही कशाबशा हाती येतात. लसणात पाणी बरेच कमी, म्हणून उतारा पुष्कळ चांगला. सुरुवात लसणानेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कांदा करायचाच असेल तर पांढरा घ्यावा. जळगावकडे वाळवणीचे कारखाने त्यालाच पसंती देतात.

माझ्या पहिल्या हंगामातली चूकही सांगतो. चकत्या पूर्ण गार होण्याआधीच मी पातळ पिशव्यांत भरल्या. जुलै उजाडेपर्यंत सगळ्याचे गोळे झाले आणि दोन क्विंटल माल फेकावा लागला. वाळलेला कांदा-लसूण हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे पॅकिंगवर यंत्राइतकाच खर्च करण्याची तयारी ठेवा.

अनुदानासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना पाहा. ती २०२० मध्ये सुरू झाली असून पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात. हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे, म्हणजे आधी कर्ज मंजूर व्हावे लागते.

उत्तर २ : सियागंजातील किराणा व्यापारी

यंत्राबद्दल मला फारसे कळत नाही, पण ताईंनी विचारलेल्या तीन प्रश्नांत चौथा राहून गेला आहे, आणि उद्योग बहुधा तिथेच अडतो. माल घेणार कोण? इंदूरचे नमकीनवाले लसणाच्या शेवेसाठी बारा महिने लसूण वापरतात, म्हणजे गिऱ्हाईक दाराशी आहे. परंतु त्यांना प्रत्येक वेळी तोच रंग, तोच तिखटपणा आणि ठरल्या दिवशी ठरलेला माल हवा असतो. दोन कारखानदारांकडे नमुना देऊन, मागणी वजनासकट लिहून घेऊन मगच कर्जाचा अर्ज करावा.

दुसरे असे की, २०२२ सारख्या वर्षात कच्चा माल मातीमोल मिळेल, पण २०२४ सारख्या वर्षात त्याच्याच खरेदीत तुमचे सगळे भांडवल अडकेल. विक्रीचा दर वर्षभरासाठी बांधून घेऊ नका, मंडीच्या दराशी जोडून घ्या. शिवाय दीड-दोन महिन्यांत वर्षाची खरेदी करावी लागणार, तेव्हा यंत्राच्या कर्जाइतकीच खेळत्या भांडवलाची मर्यादाही बँकेकडून मंजूर करून घ्या. नवे उद्योजक यंत्रावर सगळा पैसा घालतात आणि हंगामात माल घ्यायला हात रिकामे राहतात. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दरवेळी वाईट वाटते.

उत्तर ३ : ग्रामीण उद्योगांची अभ्यासक

या दोन्ही उत्तरांना जोडणारे एक उदाहरण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात आहे. एसफोरएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने गावातल्या महिलांच्या हाती सौर ड्रायर दिले, पण विक्री त्यांच्या माथी मारली नाही; वाळवलेला माल कंपनी परत घेते आणि अन्नउद्योगांना पुरवते. पर्यावरणविषयक कामासाठी दिला जाणारा २०२३ चा अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. त्या रचनेतले खरे नावीन्य मला ड्रायरपेक्षा या विभागणीत दिसते, कारण बाजारातला धोका पेलण्याची ऐपत जिच्याजवळ नाही, तिच्यावर तो टाकलेला नाही. ताई, तुमच्या आठ-दहा जणींना मालक म्हणायचे की मजूर, आणि माल विकला गेला नाही तर नुकसान कोणाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

यंत्र विकत घेण्यापूर्वी इंदूरजवळच्या सनावदिया गावाला अवश्य जाऊन या. तिथे पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन यांच्या केंद्रात सौर चुली आणि ड्रायर प्रत्यक्ष चालताना पाहता येतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. कांदा या वर्षी बाजूला ठेवते. येत्या मार्चमध्ये एका लहान ड्रायरवर घरचा ५० किलो लसूण वाळवून, सोललेले आणि वाळलेले वजन रोज वहीत लिहीन, आणि तो नमुना घेऊन दोन नमकीन कारखान्यांत जाईन. नुकसान झाल्यास ते माझे, कामाचे पैसे मात्र रोजच्या रोज बायकांना, एवढे आज सांवेरला जाऊन त्यांच्याशी बोलून ठरवले आहे. नफ्यातला वाटा कसा ठेवावा, याबद्दल कोणाला अनुभव असल्यास जरूर लिहावे.